एकशे चौदा पानं

ब्राउनश्वाइग या जर्मन शहरातल्या आमच्या घरात स्वयंपाकघराची खिडकी दक्षिणेला होती आणि ती खिडकी लिंबाच्या झाडाची होती. तिथे दुसरं काही ठेवायचं नाही असा आईचा नियम होता. बाबांनी एकदा त्या कट्ट्यावर चष्मा ठेवला तर आईने तो उचलून त्यांच्या नाकावर लावला होता. खिडकीखाली हीटर आणि वर दगडी कट्टा. कट्ट्यावर मातीची कुंडी, तिच्याभोवती जुन्या गोधडीचा एक तुकडा गुंडाळलेला, आणि त्यातून कमरेएवढं वर आलेलं काटेरी, जरा वाकडं झाड. खोड सरळ राहावं म्हणून आईने त्याला एका काठीशी आपल्या परकराच्या निळ्या नाडीने बांधलं होतं. सकाळी दूध तापायच्या वेळी काचेवर वाफ धरायची, आणि ती पुसायला हात घातला की एखादा काटा हटकून टोचायचा. आमच्या तिघांच्याही मनगटांवर बारीक ओरखडे असायचे. शाळेत एकदा बाईंनी मला बाजूला घेऊन, घरी सगळं ठीक आहे ना, असं हळूच विचारलं होतं.

ते झाड श्रीगोंद्याचं होतं. आईचे वडील, माझे आजोबा, तिथल्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले होते. त्यांच्या घरामागे कागदी लिंबाचं एक झाड होतं. मामाने मागच्या बाजूला दोन खोल्या काढल्या तेव्हा ते तोडावं लागलं. त्या वर्षी आई तिकडे गेली होती. येताना तिने त्या झाडाची शेवटची लिंबं वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेत घालून आणली. इथे मिळतात ती लिंबं जाड सालीची, पिवळीधमक आणि बिनवासाची. तिने आणलेली एवढीशी, हिरवट. त्यांतली सगळी वरणात आणि पोह्यांवर संपली, एक मात्र तिने चिरून त्याच्या बिया काढून घेतल्या. बीवरचं पांढरं कवच नखाने सोलायचं, आतला तपकिरी पापुद्र्याचा दाणा ओल्या कागदात ठेवायचा, तो कागद स्टीलच्या डब्यात आणि डबा हीटरवर. नऊ बियांतून चार उगवल्या. त्यांतलं एक जगलं. उगवलं तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची असेन.

आजोबांनी फोनवर ही बातमी ऐकली आणि पहिला प्रश्न विचारला, "पानं किती?" आई म्हणाली, छान वाढतंय. आजोबा म्हणाले, "छान म्हणजे किती? आकडा सांग." तेव्हापासून दर रविवारी दुपारी लॅपटॉप स्वयंपाकघराच्या टेबलावर यायचा आणि पानांची मोजणी व्हायची. पुढे हे काम माझ्याकडे आलं. खालच्या फांदीपासून सुरुवात करायची, प्रत्येक पानाला बोट लावायचं. आजोबा तिकडे कानाला हात लावून आकडा ऐकायचे आणि मग म्हणायचे, "मागच्या खेपेपेक्षा तीन जास्त. बरोबर." मला ते बरोबर ऐकायला फार आवडायचं. शाळेत मला जर्मनमध्ये बरं म्हणणारे होते, मराठीतून बरोबर म्हणणारे ते एकटेच.

मी हे प्रकरण बरेच महिने टाळत होते. बाबा गेल्यावर लिहायला बसले आणि लक्षात आलं, की बाबांबद्दल लिहायचं तर त्या एका हिवाळ्याबद्दल लिहावं लागेल. त्या हिवाळ्यात मी त्यांना मनातल्या मनात फार हलकं ठरवलं होतं.

जानेवारीत आजोबा न्हाणीघरात पडले. खुबा मोडला. आई दोन दिवसांत निघाली. निघण्याआधी तिने एक अख्खा दिवस उभं राहून पोळ्या लाटल्या, दहा-दहाच्या चवडी करून फ्रीजरमध्ये ठेवल्या, आणि फ्रीजच्या दारावर एक कागद चिकटवला. त्यावर आमच्यासाठी तीन ओळी होत्या, झाडासाठी अकरा. हीटर तीनवर ठेवणे. पाणी कोमट. गोधडी काढू नये. खिडकी उघडायची असेल तर आधी झाड टेबलावर घेणे. आणि शेवटची ओळ, खाली दोन रेघा मारलेली: रविवारी बाबांना आकडा सांगणे. बाबा म्हणजे तिचे बाबा. दारात बूट घालताना ती मला म्हणाली, "तुझी आबिटूरची परीक्षा आहे एप्रिलमध्ये, मला माहितेय. पण एवढं सांभाळ. आजोबांचं तिथे आता काही उरलं नाहीये, हे एवढंच आहे." मी हो म्हणाले. अठराव्या वर्षी माणूस कशालाही हो म्हणतं.

ती गेली आणि आठवड्याभरात कडाक्याची थंडी पडली. रात्री तापमान उणे बारापर्यंत जायचं. दिवसभर आकाश राखेच्या रंगाचं. मी स्वयंपाकघराच्या टेबलावर अभ्यास करत असे, कारण ती खोली सगळ्यांत उबदार होती. एका दुपारी मागे काहीतरी वाजलं. टप्. अगदी बारीक आवाज. वळून पाहिलं तर लॅमिनेटच्या फरशीवर एक पान पडलं होतं. पिवळं नाही, सुकलेलं नाही, चांगलं हिरवं. मी ते उचललं, चुरगळलं, वास घेतला. श्रीगोंद्याचा वास. थोड्या वेळाने पुन्हा, टप्.

मला वाटलं त्याला थंडी वाजतेय. मी हीटर तीनवरून पाचवर नेला. दुसऱ्या दिवशी चार पानं पडली. मला वाटलं हीटरमुळे तहान लागली असेल. मी पाणी वाढवलं, कोमट, वाटीने, सकाळ-संध्याकाळ. बाबांनी ऑफिसातून येऊन कुंडीला हात लावला, म्हणाले दगडाचा कट्टा गार पडतो, आणि आपला जुना मफलर गोधडीवरून गुंडाळला. झाडाला आम्ही आजारी पोराला जपावं तसं जपत होतो. जितकं जपत होतो तितकी पानं गळत होती.

खाली तळमजल्यावर फ्राउ लिंडनर राहायच्या. सत्तरीच्या, एकट्या, जिन्यातल्या साफसफाईची कोणाची पाळी आहे यावर घारीसारखी नजर ठेवणाऱ्या. त्यांची स्वतःची कण्हेरीची दोन झाडं हिवाळाभर जिन्याच्या वळणावर, मोठ्या खिडकीपाशी असायची. तिथे उजेड चांगला आणि थंडी बोचणारी. दोन वर्षांपूर्वी त्यांनी आईला सांगितलं होतं, तुमचं लिंबूही इथे ठेवा, त्याला थंड उजेड हवा असतो. आई वर येऊन बाबांना म्हणाली होती, "अहो, ऐकलंत का? लेकराला जिन्यात ठेवा म्हणतायत." त्यावर आम्ही तिघंही हसलो होतो. तेव्हापासून फ्राउ लिंडनरनी तो विषय काढला नव्हता, आणि मलाही त्या हिवाळ्यात त्यांच्याकडे जायचं सुचलं नाही. खरं तर सुचलं होतं. लाज वाटली.

पहिल्या रविवारी मी खरा आकडा सांगितला, एकशे दहा. आजोबा उशीला टेकून बसले होते, मागे पलंगाचा लोखंडी कठडा आणि त्याला अडकवलेली काठी दिसत होती. "आठ कमी," ते म्हणाले. "हिवाळा आहे. चालायचंच." दुसऱ्या रविवारपर्यंत झाडावर सत्तर उरली होती. आई त्यांच्या शेजारी बसून मोसंबं सोलत होती. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. आजोबांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता. "पानं किती गं?" त्यांनी विचारलं. मी लॅपटॉपची पाठ झाडाकडे ठेवली होती. माझ्या तोंडून निघालं, "एकशे चौदा. चार नवीन आली, आजोबा."

  त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "एवढ्या थंडीत नवीन? नाही. परत मोज."

"मोजलीत, आजोबा."

"परत मोज. पुढच्या रविवारी सांग."

बाबा ओट्यापाशी फोडणी करत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. फोन बंद झाल्यावर ते एवढंच म्हणाले, "जास्त सांगायला नको होतंस. गणिताचा माणूस आहे तो." आणि मग धुराचा अलार्म वाजला म्हणून ते खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालत राहिले.

पुढच्या रविवारी आई एकटीच दिसली. तिच्या मागे पलंगाचा कठडा नव्हता, बंद कपाट होतं. "आजोबा झोपलेत," ती म्हणाली. "औषधाने गुंगी येते त्यांना. बरे आहेत आता." तिचा आवाज बसला होता. धूळ आहे इकडे, ती म्हणाली. मग विचारलं, "झाड दाखव ना."

 झाडावर तीस पानंही नव्हती. "आई, नेट नीट नाहीये आज," मी म्हणाले. "कॅमेरा बंद करते." आणि तिनेही लगेच म्हटलं, "हो, इकडेही नाहीये. मीही करते." काळा पडदा समोर ठेवून आम्ही दोघी बोलत राहिलो. तिने आकडा विचारला. मी म्हणाले, एकशे चौदा, परत मोजली, तेवढीच आहेत. "सांगते त्यांना," आई म्हणाली. त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं. ती माझ्यावर इतका सहज विश्वास ठेवते याचं वाईटही वाटलं, पण सुटल्यासारखं जास्त. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

असे चार रविवार गेले. आजोबा झोपलेले असायचे, किंवा मामा त्यांना मालिश करत असायचा, किंवा डॉक्टर आलेले असायचे. ते सुधारत आहेत हे मात्र प्रत्येक वेळी कळायचं. मी आकडा सांगायचे, आई सांगते म्हणायची.

त्याच दिवसांत बाबा बदलले. ते एरवी कारखान्यातल्या गमती सांगणारे, कोण जर्मन सहकारी गेनाऊ गेनाऊ, म्हणजे बरोबर बरोबर, म्हणत कशी मान हलवतो त्याची नक्कल करणारे. आता जेवताना माझ्याकडे बघत राहायचे आणि मी वर पाहिलं की ताटात बघायचे. दाढी वाढली होती. माझ्या अभ्यासाची चौकशी दिवसातून तीनदा. एका बुधवारी मी शाळेतून आले तर ते घरी होते, सुट्टी काढून, आणि घरभर तुपाचा वास. त्यांनी शिरा केला होता. रवा थोडा लागला होता.

"आज गोड कशाला?" मी विचारलं.

"असंच. खा."

ते माझ्यासमोर बसले आणि त्यांनीही खाल्लं, हळूहळू, कोणीतरी सांगितलेलं काम करावं तसं. खिडकीत झाडावर अकरा पानं होती. मी न ठरवता मोजली.

त्या आठवड्याच्या शेवटी शेवटचं पान गळलं. मग उरलं काठीला नाडीने बांधलेलं काटेरी खोड. बाबांनी कुंडीत बोट घातलं, वास घेतला आणि हात धुतले. "मेलंय ते, ऋजू. टाकून दे. तपकिरी डब्यात टाक, बागेच्या कचऱ्याच्या." मग गोधडी आणि मफलर सोडवून घेतला आणि गाडीची किल्ली उचलली. दोन तासांनी ते आले तेव्हा त्यांच्या हातात दुसरं लिंबाचं झाड होतं. गार्डन सेंटरमधलं, गोल कापलेलं, चकचकीत पानांचं, त्याला दोन पिवळी लिंबं लागलेली. त्यांनी ती लिंबं पिरगाळून तोडली आणि खिशात घातली. मग कुंडीला गोधडी गुंडाळली, झाड कट्ट्यावर ठेवलं आणि दोन पावलं मागे जाऊन पाहिलं.

"बाबा, हे काय आहे?"

"झाड आहे."

"आईला कळेल. याला काटे नाहीत."

"आजोबा पानं मोजतात," बाबा म्हणाले. "काटे कोण मोजतंय?"

त्यांनी हे विनोद म्हणून म्हटलं होतं, पण त्यांचा चेहरा हसत नव्हता. मी त्यांच्याकडे बघत राहिले. हा माणूस मला लहानपणापासून सांगत आला होता की इंजिनियरने आकडा खोटा लिहिला तर पूल पडतो. आणि तो आता माझ्या आईसमोर बाजारातलं झाड उभं करणार होता, कारण तिच्या रागाला तोंड द्यायची त्याची छाती नव्हती. मला तसं वाटलं. माझ्या खोटेपणाला निदान लाज होती, त्यांच्या खोटेपणाला पाकीट आणि गाडी होती, असं मी त्या रात्री वहीत लिहिलं. ती वही अजून आहे. मी ते पान फाडलेलं नाही.

काटेरी खोड घेऊन मी डब्यापाशी गेले आणि झाकण उघडलं. टाकवेना. आतून फ्राउ लिंडनरनी खिडकीवर टकटक केलं. त्यांना वाटलं मी चुकीच्या डब्यात काहीतरी टाकतेय. बाहेर आल्या, झाडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता कुंडी उचलून तळघरात घेऊन गेल्या. वर्तमानपत्र पसरलं, झाड कुंडीतून उपसलं. मुळं तपकिरी, लिबलिबीत, सडक्या पाण्याचा वास. कात्रीने त्यांनी निम्मी मुळं कापली.

"पाणी किती घालायचीस?"

मी सांगितलं.

"आणि हीटर?"

तेही सांगितलं.

"आल्झो, असं तर," त्या म्हणाल्या आणि कात्री पुसली. "बाहेर उजेड नाही, मुळं गारठलेली, आणि डोक्यावर तुम्ही उन्हाळा पेटवलेला. हिवाळा आहे तर त्याला हिवाळा सांगावा, मुली. त्याला तो झेपतो." त्यांनी खोडावर नखाने एक बारीक चर ओढला, जवळ नेऊन पाहिला, पण मला दाखवला नाही. "एप्रिलपर्यंत काही करायचं नाही. पाणी नाही, खत नाही, येऊन बघणंसुद्धा नाही. जमेल?"

मी जमेल म्हणाले. बाबांना सांगितलं, डब्यात टाकलं.

त्या रविवारी बाबांनी स्वतःच कॅमेरा सुरू केला. लॅपटॉप दाराशी, लांब धरला. "हे बघ तुझं झाड," ते आईला म्हणाले. आई पडद्यावर झुकली. बराच वेळ बघत राहिली. "किती हिरवं आहे हो," ती म्हणाली आणि रडायला लागली, पदर तोंडाशी धरून, खांदे हलेपर्यंत. झाडासाठी कोणी असं रडतं का, असं माझ्या मनात आलं. बाबांनी लॅपटॉप खाली ठेवला आणि ते बाल्कनीत गेले. थंडीत, सदऱ्यावर.

मार्चच्या शेवटी आई परत आली. आजोबा आता मामाच्या मदतीने दोन पावलं टाकतात असं मला सांगितलेलं होतं. बाबा तिला आणायला पहाटेच फ्रँकफुर्टला गेले. मी घर आवरलं, वरण-भात लावला, नव्या झाडाची पानं ओल्या फडक्याने पुसली. मोजलीसुद्धा, दोनशेच्या वर होती. संध्याकाळी खाली दार वाजलं. बॅगेची चाकं पायऱ्यांवर आदळत वर यायला लागली, एक, दोन, तीन. आणि मग थांबली.

मी दारातून डोकावले. जिन्याच्या वळणावर, कण्हेरींच्या मधोमध, मोठ्या खिडकीपाशी आमचं खोड होतं. दिवस मोठा झाला म्हणून फ्राउ लिंडनरनी त्याच दुपारी ते तळघरातून वर आणून ठेवलं होतं. आई त्याच्यासमोर उभी होती, कोट घातलेली, पर्स खांद्यावर. तिने दोन बोटांत नाडी धरली होती.

"ऋजू," ती म्हणाली, "ही माझी नाडी आहे."

मी खाली गेले. तिच्या मागे बाबा बॅग धरून उभे. त्यांनी आधी खोडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हे टाकलं होतंस ना?" जिन्यातला दिवा आपोआप विझला. बाबांनी कोपराने बटण दाबलं.

"मेलंय का?" आईने विचारलं.

"एप्रिलपर्यंत सांगता येत नाही म्हणतात."

"आणि वर जे आहे ते?"

"ते बाबांनी आणलंय."

"ते मला माहितेय. पडद्यावर बघितलं तेव्हाच कळलं. एकही काटा नव्हता त्याला." तिचा आवाज चढलेला नव्हता, त्याची मला जास्त भीती वाटली. मी रडायला लागले. मी म्हणाले, आई, चूक माझी आहे, पाणी मी जास्त घातलं, आकडेही मी खोटे सांगितले, एकशे चौदा कधीच नव्हती. "पण तू आजोबांना सांगू नकोस. प्लीज. ते बरे होतायत, त्यांना कळलं तर त्यांना वाटेल की मी..."

"अगं, आधी घरात चला," बाबा घाईने म्हणाले. "तिचे पेपर आहेत. आपलं ठरलंय ना? पेपर होऊ देत."

आई पायरीवर बसली. "अहो, पुरे आता," ती त्यांना म्हणाली. मग माझा हात ओढून मला शेजारी बसवलं. "आजोबा गेले, ऋजू. तू पहिल्यांदा एकशे चौदा म्हणालीस ना, त्याच्या पुढच्या शुक्रवारी."

दिवा पुन्हा विझला. या वेळी कोणी बटण दाबलं नाही. खिडकीतून थोडा उजेड येत होता, त्यात कण्हेरीची पानं आणि काटे दिसत होते. मला रडू येत नव्हतं. मी रविवार मोजत होते.

"पण मी त्यानंतर आकडा सांगायचे," मी म्हणाले. "दर वेळी. तू म्हणायचीस, सांगते त्यांना."

"सांगत होते."

"कुणाला?"

"त्यांच्या खोलीत जायचे. दार लावून सांगायचे," आई म्हणाली. "कबूल केलं होतं ना तुला."

बाबा बॅगेच्या दांड्याला धरून तसेच उभे होते. शुक्रवारपासून त्यांना माहीत होतं. शिऱ्याचा तो बुधवार तेराव्याचा होता. श्रीगोंद्याला आई पंगतीत वाढत होती आणि इकडे त्यांनी गॅससमोर एकट्याने गोडाचं केलं, ते मला खाऊ घातलं आणि माझ्यासमोर बसून स्वतःही खाल्लं. हे माझ्या डोक्यात एकेक करून शिरत होतं. खूप दिवसांनी मी त्यांना झाडाबद्दल विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तिच्या हातून एकाच महिन्यात दोन्ही गेली असती. एक तरी मला आणता येण्यासारखं होतं." यापलीकडे ते त्याबद्दल कधी बोलले नाहीत.

त्या संध्याकाळी पायरीवर मी आईकडून वचन घेतलं. यापुढे मला काही लपवायचं नाही. परीक्षा असो, आजारपण असो, मी चंद्रावर असो. तिने लगेच बरं म्हटलं. मला वाटलं मन राखायला म्हणतेय.

खोडाला एप्रिलच्या मध्यावर, बुंध्याजवळ, एक लालसर डोळा फुटला. फ्राउ लिंडनरनी वर येऊन घंटी वाजवली आणि आईला हाताला धरून खाली नेलं. त्यानंतर ते झाड प्रत्येक हिवाळा जिन्यात काढू लागलं. ते अजून आईकडे आहे. त्याला आजवर एकदाही फूल आलेलं नाही, पण आईची त्याबद्दल तक्रार नाही.

बाजारातलं झाड टाकून द्या असं आईने कधी म्हटलं नाही. ते बाबांचं झालं. कण्हेरीच्या पलीकडे त्याचीही जागा ठरली. बाबा त्याला पाणी घालायचे, त्याच्या लिंबांचं लोणचं घालायला लावायचे, आणि ते लोणचं कडू झालं की स्वतःच संपवायचे. "काटे नसलेलं आहे, पण गरीब आहे बिचारं," म्हणायचे.

गेल्या शरद ऋतूत, एका मंगळवारी सकाळी, मी गार्चिंगच्या इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात पुस्तकांची गाडी ढकलत होते आणि आईचा फोन आला. ती त्या वेळी कधी करत नाही. "ऋजू," ती म्हणाली, "बाबा गेले. सकाळी सात वाजता. मी शेजारी होते." प्रस्तावना नाही, बस आधी असं नाही. तिने वचन पाळलं. आणि दोन कपाटांच्या मध्ये उभी राहून मला काय वाटलं ते इथे लिहायला हवं. मला वाटलं, मला चार रविवार दे. म्हण झोपलेत. कॅमेरा बंद कर, मी काही विचारणार नाही.

बाबांचं झाड मी माझ्याकडे आणलं. दोन कुंड्या उचलवत नाहीत आता, आई म्हणाली. मागच्या सीटवर पट्टा लावून मी ते सहाशे किलोमीटर आणलं. माझ्या जिन्यात खिडकी आहे, थंड आणि उजेडाची. मी त्याला पाणी जवळजवळ घालत नाही. तरी जानेवारीत ते गळायला लागलं. वाटेत वारा लागला असेल, जागा मानवली नसेल. रोज दार उघडलं की फरशीवर हिरवी पानं. मी ती झाडून टाकते आणि हात मागे बांधून ठेवते.

काल रविवार होता. आईने फोनवर जेवणाचं विचारलं, थंडीचं विचारलं. मग म्हणाली, "त्यांच्या झाडाला पानं किती?"

मी फोन हातात घेऊन दार उघडून जिन्यात गेले.

"एकही नाही, आई," मी म्हणाले.

 मला तिच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

"परत मोज," ती म्हणाली.

मी फोन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, चष्मा लावला, आणि खालच्या फांदीपासून सुरुवात केली.